अक्काची बी.एस्सी. आणि माझी आयटीआय

"भावाचा फॉर्म न्यायला आलीस का?"

धुळ्याच्या आयटीआयमध्ये वीजतंत्री शाखेच्या सरांनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न. मी म्हटलं, "नाही सर, माझाच." त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, माझ्याकडे एकदा नीट पाहिलं आणि शांतपणे सांगितलं, "शिवणकामाचा वर्ग पलीकडच्या इमारतीत आहे."

"मला मोटारीचं काम शिकायचंय."

त्यांच्या मागे लांबलचक टेबलावर एक मोटार उघडून ठेवली होती. आमच्या मळ्यातल्या विहिरीवर अशीच मोटार मी लहानपणापासून ऐकत आले होते, पण तिच्या पोटात काय असतं ते कधी पाहिलं नव्हतं. आत तांब्याच्या तारेची वेटोळी एकात एक गुंफून गोल बसवलेली होती, एखाद्या नीटस वेणीसारखी. सर प्रवेशाच्या अटी सांगत होते आणि माझं लक्ष त्या वेणीवरून हलत नव्हतं. शेवटी तेही वळून बघायला लागले. "लाव हात, काही होत नाही," म्हणाले. मी हात लावला आणि तिथंच माझं ठरलं.

ही ऐंशीच्या दशकाच्या मधली गोष्ट. आमचं गाव भडगावजवळ, गिरणेच्या काठावर. घरची केळी आणि कपाशी. आम्ही दोघी बहिणी. अक्का माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी, धुळ्याला काकांकडे राहून बी.एस्सी. करत होती, विषय भौतिकशास्त्र. काकांना आम्ही नाना म्हणायचो. ते सरकारी कचेरीत होते. घराण्यातलं पहिलं मॅट्रिक त्यांचं आणि पहिली पदवी अक्काची व्हायची होती. बारावी झाल्यावर मलाही त्याच कॉलेजात घातलं.

मी तिथं महिना सव्वा महिना काढला. शिकवणारे वाईट नव्हते, पण मला फळ्यावरचं काही हाताशी लागायचं नाही. प्रात्यक्षिकाला एका यंत्राभोवती आम्ही सहा जणी. पुढची मुलगी काटा वाचायची, दुसरी आकडा लिहायची आणि मी मागून टाचा उंचावून बघायचे. एकदा मी नुसतं बटण फिरवायला हात पुढे केला तर मदतनिसाने "हात नको, हात नको" म्हणत तो बाजूला केला. त्याच आठवड्यात मी चौकशी करत आयटीआयच्या फाटकातून आत शिरले.

नानांना सांगितलं तेव्हा ते जेवत होते. त्यांनी घास ताटात परत ठेवला.

"पदवी सोडून पान्हा धरणार?"

"दोन वर्षांचंच आहे नाना. आणि पहिल्या दिवसापासून हाताने काम."

"हाताने काम करायला शाळेत कशाला जावं लागतं? तेवढ्यासाठी आपलं शेत आहे की." मग जरा नरमाईने म्हणाले, "बाळा, पदवी म्हणजे पदवी. उद्या कुठल्याही दारात गेलीस तर आधी तीच विचारतील."

मला वाटलं होतं, अक्का माझी बाजू घेईल. नंतर गच्चीवर कपडे वाळत घालताना ती एवढंच म्हणाली, "मला वाटत होतं, आपण दोघी बरोबर जाऊ कॉलेजला." तिचं ते बोलणं नानांच्या रागापेक्षा जास्त लागलं. आबांना, म्हणजे आमच्या वडिलांना, मी पत्र लिहिलं. त्यांनी उत्तर एका ओळीचं पाठवलं: मन लागेल तिथं शीक, पण पुरं कर.

वर्गात पंचवीस मुलं आणि मी एकटी. निळा डगला, त्याच्या बाह्या मला मोठ्या, त्या दुमडून घ्यायच्या. पहिले दोन महिने सरांनी नुसती कानस चालवायला लावली. लोखंडाचा चौकोनी तुकडा चारी बाजूंनी काटकोनात आणायचा. तळहाताला फोड आले, फुटले, परत आले. मग तारांचे जोड, मग घरातलं वायरिंग आणि दिवाळीनंतर ती मोटार. मी एकेक वेटोळं काढायला शिकले, साच्यावर नवीन गुंडाळायला शिकले, लोखंडी खाचांमध्ये कागद घालून त्यात तार बसवायला शिकले. सकाळी घराबाहेर पडताना पाय आपोआप भराभर पडायचे. शिक्षणाला जाताना असंही वाटू शकतं, हे मला तोवर माहीत नव्हतं.

अक्काबरोबरची अढी हळूहळू सुटली, ती भांडणातूनच. एका संध्याकाळी ती पाठांतर करत होती की तारेतून वीज गेली की तारेभोवती चुंबकीय क्षेत्र तयार होतं, वेटोळं केलं तर ते चुंबकासारखं वागतं, त्याला उत्तर ध्रुव, दक्षिण ध्रुव येतात. मी म्हटलं, "हे तर मी रोज बनवते." ती चिडली. "तू तार गुंडाळतेस. का फिरते ते सांग." मला सांगता येईना. मी म्हटलं, "बरं, तू एक वेटोळं बांधून दाखव." तिला बांधता येईना. मग आम्ही दोघी हसायला लागलो आणि त्या दिवसापासून रोज संध्याकाळी ती मला का ते सांगायची, मी तिला कसं ते दाखवायचे. तिच्या वहीच्या समासात माझे काळे ठसे पडलेले असत.

दुसऱ्या वर्षी आखाजीला आम्ही दोघी गावी गेलो. आखाजी म्हणजे अक्षय तृतीया. आमच्या खान्देशात लेकींचा सगळ्यात मोठा सण. सासरी गेलेल्या मुली माहेरी येतात, निंबांना झोके बांधतात, दिवसभर गाणी चालतात, खापरावर मांडे होतात. आम्ही एसटीतून उतरून घरी पोचलो तर आबा ओट्यावर बसले होते. एरवी ते या वेळी मळ्यात असत. मोटार जळली होती.

त्या उन्हाळ्यात विजेचा दाब असा खालीवर होत होता की शिवारात निम्म्या मोटारी जळाल्या होत्या. आबा भडगावला आणि चाळीसगावला जाऊन आले होते. वाइंडिंगच्या, म्हणजे जळकी तार काढून नवी भरून देणाऱ्या, दुकानांसमोर मोटारी ओळीने पडलेल्या.

"दुकानवाला म्हनस, बारा दिन लागतीन," आबा म्हणाले. "तोपर्यंत बठ्ठी केळ वाळी जाई."

वैशाखातलं ऊन आणि घडाला आलेली केळी. शेजारच्या विहिरीवरून रोज तासभर पाणी मिळत होतं, पण तेवढ्याने सगळी बाग भिजणं शक्य नव्हतं. मी म्हटलं, "आबा, मी भरते मोटार."

नानाही सणासाठी आले होते. ते म्हणाले, "शाळेतली मोटार वेगळी, ही वेगळी. बिघडली तर बारा दिवसांनीही मिळायची नाही."

आबांनी त्यांच्याकडे पाहिलं नाही. मलाच विचारलं, "बेटा, हाई काम तुले जमी का?"

"जमेल," मी म्हटलं. त्याआधी मी अख्खी मोटार एकटीने कधीच भरली नव्हती. वर्गात चौघं मिळून एक भरायचो.

दुसऱ्या दिवशी सकाळी खळ्यात गोणपाट अंथरून मी ती उघडली. जळक्या वार्निशचा वास आला. जुनी वेटोळी कापण्याआधी मी वहीत आकृती काढली. खाचा छत्तीस. प्रत्येक वेटोळ्यात किती फेरे, तार किती जाड, कुठलं टोक कुठे जातं. अक्काला मी फेरे मोजायला बसवलं. ती मोजताना बोटाने तार अशी सोडवत होती जणू रेशीम आहे. मग मी भडगावला जाऊन तार आणि कागद घेऊन आले. दुकान मारवाडी शेठचं. त्यांनी तार काढता काढता विचारलं, "कोणत्या मेकॅनिकने पाठवलं?"

"मीच भरणार आहे."

शेठ थांबले. मग म्हणाले, "खाचा किती?" मी सांगितल्या. "मग कागद एवढा पुरणार नाही, आणखी घे. आणि बांबूच्या पाचरी घरी करू नको, तयार घेऊन जा, सालपट निघालं की तार सोलली जाते." ते माझ्या परीक्षेतले पहिले परीक्षक आणि त्यांनी मला नापास केलं नाही.

दोन दिवस आम्ही दोघी खळ्यातून हललो नाही. साचा मी बाभळीच्या फळीचा केला. अक्का त्याचा दांडा फिरवायची आणि मोठ्याने फेरे मोजायची, मी तार ताणून धरायचे. बाहेर निंबाखाली पोरी झोके घेत होत्या, त्यांची गाणी ऐकू येत होती. माय दोनदा येऊन गेली. "आज सन शे, झोकावर तरी बठा थोड्या," म्हणाली. आम्ही मान वर न करता हो म्हटलं. तिने शेवटी आमरसाच्या वाट्या तिथंच आणून ठेवल्या. माझे हात काळे, म्हणून अक्काने मला भरवलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी शेवटची पाचर ठोकली. वार्निश लावण्याआधी चालवून बघायचं असतं, म्हणून मोटार जुळवली आणि आबांनी चालू केली. मोटार फिरली नाही. नुसती गुरगुरली, गोणपाटासकट थरथरली आणि खटकन फ्यूज उडाला.

मी परत उघडली, आकृतीशी सगळे जोड ताडून पाहिले. सगळं बरोबर वाटत होतं. वेटोळ्यांचे बारा गट, त्यांची चोवीस टोकं, आणि टोकांवर चढवलेली नळकांडी सगळी एकाच पिवळ्या रंगाची, त्यामुळे सुरुवात कुठली आणि शेवट कुठला ते ओळखू येईना. मला रडू यायला लागलं. मी म्हटलं, "अक्का, सगळं सोडून पहिल्यापासून भरावं लागेल."

अक्का मोटारीच्या उघड्या पोटात बघत बसली होती. तिने विचारलं, "एका तारेवर, म्हणजे एका फेजवर, किती गट?"

"चार."

"म्हणजे चार चुंबक. ते एकाआड एक उलटे असायला पाहिजेत ना? उत्तर, दक्षिण, उत्तर, दक्षिण."

"हो. म्हणून तर शेवटाला शेवट आणि सुरुवातीला सुरुवात जोडतो."

"मग तू टोकं कशाला बघतेस? चुंबकालाच विचार."

ती उठून घरात गेली आणि तिच्या पिशवीतून होकायंत्र घेऊन आली. शाळेत असताना कुठल्याशा विज्ञान प्रदर्शनात तिला ते बक्षीस मिळालेलं, कंपासपेटीत पडून असायचं. आबांना म्हणाली, "ट्रॅक्टरची बॅटरी काढून द्या."

आबांनी विचारलंही नाही कशाला. बॅटरी आणली. मी एका फेजची दोन टोकं बॅटरीला क्षणभर लावायची आणि अक्काने होकायंत्र आत धरून गोल सरकवायचं, असं ठरलं. पहिली फेज. पहिल्या गटापाशी सुईचं लाल टोक आत, मोटारीच्या मध्याकडे वळलं. दुसऱ्यापाशी सुई गर्रकन फिरली. तिसऱ्यापाशी परत उलटी, चौथ्यापाशी परत. दुसरी फेज तशीच. तिसरी फेज लावली. पहिला गट, लाल टोक आत. दुसरा गट. सुई हलली नाही.

"लाव परत," अक्का म्हणाली.

मी परत लावली. सुई तशीच. एकच गट उलटा. शेवटाला शेवट जोडायच्या जागी मी तिथं सुरुवात जोडली होती. छत्तीस खाचांतली एकही तार काढायची गरज नव्हती. मी त्या गटाची दोन टोकं सोडली, अदलाबदल केली, डाग दिला, नळकांडी चढवली. परत होकायंत्र फिरवलं. उत्तर, दक्षिण, उत्तर, दक्षिण. अक्काने माझा काळा हात घट्ट धरून ठेवला होता, तिच्या लक्षातही नव्हतं. आयटीआयमध्ये ही युक्ती आमच्यापर्यंत अजून आली नव्हती. अक्काच्या पुस्तकातही ती नव्हती. होता फक्त चुंबकाचा नियम, आणि तो तिने आमच्या खळ्यात वापरला.

या वेळी मोटार गुरगुरली नाही. एकदम फिरली, बारीक एकसुरी आवाजात. मग वार्निश ओतलं, रिकाम्या पिंपात ठेवून आत मोठा बल्ब लावून दिवसभर सुकवली आणि दुसऱ्या दिवशी विहिरीवर बसवली. आम्ही सगळे बांधावर उभे. पाइपातून आधी हवा आली, मग दोन गुळण्या, मग पाण्याचा जाड लोट हौदात कोसळला.

"पानी उनं व माय," आबा म्हणाले आणि त्यांनी आम्हा दोघींच्या डोक्यावर एकेक हात ठेवला.

नाना बराच वेळ हौदाशी उभे होते. मग त्यांनी अक्काला विचारलं, "ते होकायंत्राचं तुला कसं सुचलं?" अक्का म्हणाली, "हिने मोटार उघडून दाखवली म्हणून." मग ते माझ्याकडे वळले. "आणि एवढी तार त्या खाचांत बसते कशी? मला दाखव बरं एकदा." मी त्यांना धुळ्याला परत गेल्यावर आयटीआयमध्येच घेऊन गेले. सरांनी त्यांना खुर्ची दिली, तर बसले नाहीत. टेबलामागून टेबल फिरत राहिले.

आयटीआय पुरी झाल्यावर मी वर्षभर उमेदवारी केली आणि भडगावला दुकान काढलं. पहिल्या हंगामात लोक दारात येऊन विचारत, "मेकॅनिक कुठे गेले?" मी "बोला" म्हणायचे. कुणी परत फिरत, कुणी मोटार ठेवून जात. पुढच्या हंगामात परत फिरणारे कमी झाले. अक्का एम.एस्सी. करून जळगावच्या एका कॉलेजात प्राध्यापक झाली.

नव्वदच्या दशकात, माझं दुकान चांगलं बसल्यावर, तिचं एक दिवस पत्र आलं. त्यांच्या कॉलेजात पदवीलाच एक व्यवसायाचा विषय सुरू होत होता, विजेच्या यंत्रांची जोडणी आणि दुरुस्ती. तास घ्यायला प्राध्यापक होते, प्रात्यक्षिक घ्यायला कुणी नव्हतं. तू येशील का?

प्राचार्यांनी माझा अर्ज वाचला. सभ्य माणूस. "पदवीच्या रकान्यात काही लिहिलं नाही तुम्ही."

"नाही सर. पदवी नाही."

"मग नियमात कसं बसवू?" ते खरंच अडचणीत पडले होते. मला नानांचे जुने शब्द आठवले आणि पहिल्यांदा ते पटले. कुठल्याही दारात आधी तीच विचारतात, हे खरं होतं. प्राचार्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, "प्राध्यापक म्हणून नाही बसत. तासापुरत्या प्रात्यक्षिक मार्गदर्शक म्हणून बसता. चालेल?"

"चालेल," मी म्हटलं. आठवड्याचे दोन दिवस.

पहिल्या दिवशी टेबलाभोवती अठरा मुलं-मुली उभी होती, हात मागे बांधून. मी भंगारातल्या सहा मोटारी नेल्या होत्या. "तिघांत एक," मी म्हटलं. "उघडा." कुणी हलेना. एका मुलीने विचारलं, "बाई, आम्ही? हात लावायचा?" मी तिच्या हातात पान्हा दिला. पुढचा तासभर नुसता खणखणाट चालला होता. शर्टांना तेल लागलं, एकाचं नख उलटलं, एकीने उघडलेली मोटार परत बंद करून पुन्हा उघडली, फक्त परत करून बघायला म्हणून. मी या टेबलावरून त्या टेबलावर धावत होते.

मग त्याच मुलीने विचारलं, "बाई, तीन फेजच का असतात? चार का नाहीत?"

मी दहाएक वर्षं त्या तीन फेजच्या मोटारी भरत होते. शेकड्यांनी भरल्या असतील. हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. मी म्हटलं, "मला माहीत नाही. थांबा." आणि दोन खोल्या पलीकडे जाऊन अक्काला वर्गाच्या दाराशी बोलावलं. तिचा तास संपतच आला होता. ती खडू हातात घेऊन तशीच आली. तिने फळ्यावर तीन लाटा काढल्या, एकीमागे एक सरकलेल्या. मी उघड्या मोटारीत बोट ठेवून त्या लाटा कुठल्या वेटोळ्यात आधी येतात, कुठल्यात नंतर, ते दाखवत गेले. मुलांच्या माना फळ्याकडून टेबलाकडे आणि टेबलाकडून फळ्याकडे फिरत होत्या. अक्का मधेच थांबून मला म्हणाली, "हे दुसरं वेटोळं इथे का गेलं?" मी सांगितलं. ती म्हणाली, "अच्छा," आणि फळ्यावरची एक लाट पुसून नीट काढली.

घंटा झाली. वर्ग रिकामा होईना. शिपाई दार लावायला आला होता, तोही मागे उभा राहून ऐकायला लागला.